साइटवर येणारे दोघं

प्रिय भुंगी,

'प्रिय' लिहावं की नाही यावर सकाळचा अर्धा तास घालवला. शेवटी लिहिलं, कारण हाताला सवय आहे आणि नुसतं 'भुंगी' लिहिलं तर हाक मारल्यासारखं वाटतं. हाक मारायच्या मनःस्थितीत मी नाही. पत्र पोस्टाने का आलं, असा प्रश्न तुला पडेल. तू मला ईमेल काढून दिलास, तुझा जुना लॅपटॉप दिलास, सगळं शिकवलंस. पण तू करून दिलेल्या कुठल्याच गोष्टीवर माझा आता काडीचा भरवसा उरलेला नाही. मी ईमेल पाठवायचा आणि तो इथेच लॅपटॉपच्या पोटात पडून राहायचा, कोण सांगणार! पोस्टाची पेटी निदान माझ्या डोळ्यांसमोर आहे. रविवारी फोनवर मी नुसतं हं-हं करत होतो. बरं वाटत नाही का, म्हणून तू दोनदा विचारलंस. नव्हतंच वाटत बरं. फोनवर तोंड उघडलं असतं तर ओरडलो असतो. मी ओरडलो की तू गप्प होतेस, मग मीही गप्प होतो, आणि विषय आहे तिथेच राहतो. लहानपणापासून आपलं हे असंच चाललंय. म्हणून म्हटलं, कागदच बरा.

तर ऐक. गेल्या दोन महिन्यांत मी तुझ्यापासून एक गोष्ट लपवली. हो, मीही लपवली. गेल्या वर्षी तू ते लहान घर घेतलंस, ऑफिसला जवळ पडतं, जावई तर दौऱ्यावरच असतात म्हणालीस, तेव्हाच माझ्या मनात आलं की पोरगी खर्च आवरते आहे आणि बापाच्या हौसेसाठी अजून सर्व्हरचं भाडं भरते आहे. दुकान बंद करून घरी बसलेल्या घड्याळवाल्याच्या लेखांच्या साइटला दरमहा पैसे कशाला घालायचे हिने? म्हटलं, आपणच शिकू, आपणच एखादा स्वस्तातला सर्व्हर बघू, साइट तिकडे हलवू, आणि मग एका रविवारी तुला ऐटीत सांगू की पुढच्या महिन्यापासून तू मोकळी. मी त्या रविवारची तालीमसुद्धा केली होती, भुंगे. दाढी करताना.

आपल्या वाचनालयात दुपारी एक बाई संगणक शिकवतात. पूर्वी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. आवाज असा की सांगितलेलं मुकाट्याने ऐकावं. त्यांनी मला पहिल्या दिवशी समजावलं की साधं होस्टिंग म्हणजे धर्मशाळेतली खाट, शेजारी कोण घोरतं त्यावर तुमची झोप. आणि व्हीपीएस म्हणजे मोठ्या इमारतीतली आपली एक खोली. इमारत सगळ्यांची, पण कडी आपली, कुलूप आपलं, आणि आत झुरळं झाली तर तीही आपलीच. मला हे एकदम पटलं. आयुष्यभर दुकानाची किल्ली कमरेला लावून हिंडलेला माणूस मी, मला खाट नको होती.

मग सुरू झाली निवड. काय एकेक लबाड जाहिराती असतात गं! पहिल्या वर्षाचा दर असा की हसू यावं, आणि खाली मुंगीच्या अक्षरात लिहिलेलं की दुसऱ्या वर्षापासून तिप्पट. मी भिंग लावून वाचलं, डोळ्याला लावतो ते घड्याळाचं. कुठे मेमरी भरपूर, पण डिस्क एवढीशी. कुठे 'अमर्याद' म्हणायचं आणि पुढच्याच ओळीत मर्यादा सांगायची. कुठे बॅकअप वेगळा विकत, म्हणजे घड्याळ विकायचं आणि चावी निराळी. मी वहीत अकरा कंपन्या लिहिल्या आणि माझ्या पद्धतीने परीक्षा घेतली. प्रत्येकीला एकच प्रश्न पाठवला, की माझ्या साइटवर घड्याळांचे नऊशे फोटो आहेत, लोक दिवसाला शंभरेक येतात (हा आकडा तूच सांगितलेला), मला कमीत कमी केवढं यंत्र पुरेल? आणि खिशातलं घड्याळ काढून बसलो. 'चोवीस तास मदत' लिहिणाऱ्या एकीचं उत्तर तिसऱ्या दिवशी आलं. एकीचं अकरा सेकंदांत आलं, त्यात माझा प्रश्न सोडून बाकी सगळं होतं. दोघींनी सर्वांत महाग योजना गळ्यात मारायला बघितली. एका लहानशा कंपनीतून चाळीस मिनिटांनी कुणीतरी लिहिलं की काका, शंभर लोकांचा आकडा आमच्या कामाचा नाही, तुमच्या आत्ताच्या सर्व्हरवरची नोंद पाहून सांगा, नाहीतर सगळ्यात लहान घ्या आणि कमी पडलं तर वाढवा, आम्ही घाई करणार नाही. मला तो माणूस आवडला. दुकानात मीही गिऱ्हाइकाला असंच सांगायचो. दर मधला होता, पण दुसऱ्या वर्षीही तोच. एका महिन्याचे पैसे भरले, पोस्ट ऑफिसच्या पुस्तकातले काढून.

आता ती नोंद. बाई म्हणाल्या, साइटचा पत्ता सांगा, बघू या. सांगितला. त्यांनी टाइप केला. पडद्यावर आलं, अशी साइट सापडत नाही. मी म्हटलं, बाई, तुमचं बोट घसरलं. पुन्हा. नाही. मी त्यांना बाजूला केलं, स्वतः एका बोटाने टाइप केला, तीनदा, प्रत्येक अक्षर मोठ्याने म्हणत. नाही म्हणजे नाही. मी त्यांच्या वाचनालयाला काय काय बोललो ते लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप बगलेत मारून गेलो, उघडला, आणि बघा म्हटलं! साइट हजर. बोट उचलायच्या आत उघडली. मी नेहमीच बढाई मारायचो ना, इतरांच्या साइट रांगत येतात, आमची उडी मारून येते. बाईंनी वाचनालयाचं इंटरनेट बंद केलं. पुन्हा उघडा म्हणाल्या. पुन्हा उघडली. मला आनंद झाला, भुंगे. मला वाटलं, किती भक्कम बांधली आहे पोरीने! बाई माझ्याकडे अशा बघत राहिल्या की मला पुढे हसवेना.

त्यांनी लॅपटॉपच्या आत कुठेतरी एक ओळ शोधून दाखवली. तूच लिहिलेली. त्या ओळीचा अर्थ असा, की हा पत्ता कुणी मागितला तर बाहेर जगात जाऊ नकोस, इथल्याइथे याच यंत्रात बघ. मग ती नोंद उघडली, कोण कोण येऊन गेलं त्याची. मी वहीचं पान काढून बसलो होतो, शंभराचा आकडा लिहायला. त्यात दोघंच होते. एक हा लॅपटॉप. दुसरा तो, जो दूरवरून या लॅपटॉपमध्ये शिरत होता आणि शिरायची वाट ज्याला माहीत होती. अडीच वर्षं. मी आणि तू.

तिथून घरी कसा आलो, आठवत नाही. बाईंनी चहा दिला होता, तो तसाच टेबलावर राहिला एवढं आठवतं.

मग मी बसलो आणि सगळे अभिप्राय पहिल्यापासून वाचले. एक निवृत्त शिक्षक, जो दर पंधरा दिवसांनी प्रश्न विचारायचा. एक 'लंबकवेडा', ज्याला प्रत्येक लेख 'अप्रतिम' वाटायचा. एक बाई, दोन-तीनदाच आलेली. मला किती आधी कळायला हवं होतं! तीस वर्षं गल्ल्यामागे बसलो मी. खरं गिऱ्हाईक काय विचारतं ठाऊक आहे मला. घड्याळ हलवून हलवून आणतं, पाण्यात पडलं तरी नाही म्हणतं, आणि विचारतं की एवढंसं काम, त्याला आठ दिवस कशाला? तुझी माणसं मात्र नेमकं तेच विचारायची, ज्याचं उत्तर द्यायला मी आतुर असायचो. एकानेही कधी भांडण काढलं नाही. एकालाही माझा राग आला नाही. अडीच वर्षांत एकही माठ माणूस आला नाही, आणि मला वाटलं, आपला वाचक सुशिक्षित आहे!

आणि ती आत्या! त्या शिक्षकाने लिहिलं होतं की आमच्या घड्याळाची आत्या अर्ध्या तासाला गप्प राहते, पूर्ण तासालाच बोलते. टोले देणाऱ्या हातोडीला आत्या म्हणणारं घर जगात एकच आहे. तू पाच वर्षांची होतीस, माझी बहीण आपल्याकडे राहायला आली होती, आणि तू म्हणालीस की ही हातोडी आत्यासारखी आहे, कुणी विचारो न विचारो, अर्ध्या तासाने बोलतेच. तेव्हापासून दुकानातसुद्धा आत्याच. आणि मी काय केलं? खाली व्यवस्थित उत्तर लिहिलं, 'सर, आत्याची दांडी किंचित वाकलेली असेल.' मला खटकलंसुद्धा नाही. अनोळखी माणूस माझ्या घरातली भाषा बोलत होता आणि मला वाटलं, घड्याळं कळणारा आहे बुवा! हे मी वाचनालयातल्या बाईंना वाचून दाखवलं, तेव्हा त्यांनी विचारलं की ही आत्या कोण. त्यांना सांगता सांगता माझ्या डोक्यात पडला प्रकाश. लाज वाटली मला. तुझी नाही, माझी स्वतःची.

तू म्हणशील, बाबा, सुरुवातीला खरंच टाकली होती साइट. माहीत आहे. त्याच लॅपटॉपमध्ये कंपनीचं पत्र सापडलं, की मुदत संपली आहे, वाढवायची का. पहिले चार महिने ती खरोखर जगात होती आणि कुणीही आलं नाही. मी रोज दहादा बघायचो आणि तुला विचारायचो, कुणी आलं का गं? तुझी आई जाऊन वर्ष होत आलं होतं. मुदत संपली त्याच आठवड्यात त्या शिक्षकाचा पहिला प्रश्न आला. मी उडी मारून उठलो होतो, तुला फोन केला होता, आणि तू म्हणालीस, 'बघा बाबा, मी म्हटलं नव्हतं!' तो आवाज माझ्या कानात आहे अजून. किती खरा आवाज काढलास गं. तुला दया आली, हे मला कळतं. पण एक दिवसाची दया वेगळी, आणि अडीच वर्षं रोज वेगवेगळे मुखवटे चढवून बापाच्या दारात येणं वेगळं. एकदा सांगायचं होतंस, बाबा, कुणी वाचत नाही. मी दोन दिवस जेवलो नसतो, तिसऱ्या दिवशी उठलो असतो. दुकान बंद झालं तेव्हा उठलो, तुझी आई गेली तेव्हाही उठलो. मी लहान मूल आहे का, हातात बंद फोन देऊन आजोबांशी बोल म्हणायला?

लंबकवेड्याला त्या प्रवासी घड्याळाचं तुटलेलं चाक बनवून घ्यायचं होतं, आठवतं? त्यासाठी मी अकरा दिवस बसून चित्र काढलं. माझा हात आता थरथरतो, तुला माहीत आहे, त्यामुळेच दुकान सुटलं. अठ्ठ्याहत्तर दाते, एकेक दाता मोजून. दोनदा कागद फाडला. ते चित्र त्याला मिळालं, 'काका, चाक बसलं, घड्याळ चालू झालं,' असं त्याने लिहिलं, आणि मी गल्लीभर सांगत सुटलो. न्हाव्याला सांगितलं, पोस्टमनला सांगितलं. कुठलंही चाक बसलं नव्हतं. कुठलंही घड्याळ चालू झालं नव्हतं. ते लिहिताना तुझा हात कसा थरथरला नाही?

आणि याहून वाईट ऐक. माझ्या दुकानाशेजारचा चष्मेवाला, बावीस वर्षांचा शेजार, सकाळचा चहा आम्ही एकाच किटलीतला प्यायचो. तो गेल्या वर्षी म्हणाला होता, 'अरे, तुझी साइट माझ्या नातीने शोधली, सापडत नाही बुवा.' मी काय म्हणालो असेन? म्हटलं, तुझ्या नातीला लिहिता येत नाही, आणि तुला माझं कौतुक बघवत नाही. आठ महिने आम्ही बोललो नाही, भुंगे. रस्त्यात दिसला तर मी पलीकडच्या बाजूने जायचो. तो बिचारा खरं बोलत होता आणि मी तुझ्या खोट्याच्या बाजूने त्याच्याशी भांडत होतो. सगळं कळल्यावर आधी जाऊन त्याची माफी मागितली. तो म्हणाला, 'बस, चहा घे.' एवढंच.

आता पुढचं. साइट मी हलवली. म्हणजे हलवली काय, अडीच वर्षांनी पुन्हा जगात बाहेर काढली. पत्त्याचं नाव मोकळंच होतं, मधल्या काळात ते कुणालाच नको होतं, ते माझ्या नावावर घेतलं. महिन्याचे पैसे भरलेलेच होते, त्या लहान कंपनीचं सगळ्यात लहान यंत्र. बाई शेजारी बसल्या आणि मी एका बोटाने हुकूम टाइप केले. चारदा चुकलो, एकदा तर स्वतःच्याच खोलीतून स्वतःला बाहेर कोंडून घेतलं आणि त्या कंपनीतल्या माणसाने तिकडून कडी उघडून दिली, हसला नाही. तुझ्या शिक्षकाला आणि लंबकवेड्याला मी सोबत नेलं नाही. त्यांचे सगळे अभिप्राय काढून टाकले. लेख एकटेच गेले, दोनशे चौदा, खाली रिकामी जागा ठेवून. मग मी आणि बाई चष्मेवाल्याकडे गेलो, त्याच्या फोनवर पत्ता टाकला. सावकाश उघडली. वरचा फोटो आधी अर्धा आला, मग पूर्ण. असं सावकाश उघडताना बघून मला भरून आलं. लांबून येत होती ना ती.

तीन आठवडे कुणीही आलं नाही. आली ती यंत्रं, जगभरची, कुलूप खडखडवून बघणारी. नोंद मी रोज वाचतो. आणि गेल्या मंगळवारी एक अभिप्राय आला. जसाच्या तसा लिहितो. 'घड्याळ बंद पडलंय काय करू लवकर सांगा एवढं लांबलचक कोण वाचणार'. कुठलं घड्याळ, कसं बंद, काही नाही. नमस्कार नाही, आभार नाही. मी खुर्चीतून उठलो आणि खोलीत दोन फेऱ्या मारल्या. हे खरं गिऱ्हाईक! मी लिहिलं, आधी चावी दिली आहे का बघा. उत्तर आलं, 'हो चावीच नव्हती दिली'. बस्स. अडीच वर्षांत माझ्यामुळे चालू झालेलं हे पहिलं घड्याळ.

राग गेला असं समजू नकोस. गेलेला नाही, आणि या पत्राने जाणारही नाही. पण नुसतं रागावण्यासाठी हे एवढे कागद भरले नाहीत. अभिप्राय लिहिणाऱ्या त्या बाईबद्दल लिहायचं आहे. सगळे अभिप्राय पुसत गेलो आणि तिच्यापाशी हात थांबला. गेल्या वर्षीचा आहे, तू घर बदललंस त्याच्या आधीच्या आठवड्यातला. तिने लिहिलं होतं, 'लग्नात वडिलांनी दिलेलं घड्याळ सोमवारपासून बंद आहे. चावी द्यायचं काम ह्यांचं होतं. हे आता इथे राहत नाहीत. मला चावी देता येते, पण हात वर जात नाही. बंद राहिलं तर घड्याळ खराब होतं का?' त्यात माझं कौतुक नव्हतं. त्या सगळ्या ढिगात कौतुक नसलेला तेवढा एकच. आणि मी शहाण्यासारखं उत्तर दिलं, की बाई, बंद राहून खराब होत नाही, तेल मात्र सुकतं, दोन-तीन महिन्यांतून एकदा चालवावं, चौदा फेऱ्या, घाई करू नये. तू लिहिलंस, 'आभार. बघते.' त्यानंतर ती बाई कधी आली नाही. मी जावयांची चौकशी केली की तू म्हणतेस, ते दौऱ्यावर आहेत, वर्षभर एक माणूस दौऱ्यावर आहे, आणि मला तेही खटकलं नाही. बापाला सांगता आलं नाही म्हणून तू घड्याळवाल्याला सांगितलंस, आणि घड्याळवाल्याने तुला तेलाचं सांगितलं. फसवलंस याचा राग आहेच, पण एवढी मोठी गोष्ट मला अनोळखी बाई होऊन सांगावी लागली, हे जास्त लागलं आहे. तो अभिप्राय मी सर्व्हरवर चढवलेला नाही, लॅपटॉपमध्येच ठेवला आहे, तिथे येणारे आपण दोघंच. त्याचं उत्तर मी चुकीचं दिलं होतं, ते बदलायला शनिवारी सकाळच्या गाडीने येतो आहे. घड्याळाला हात लावू नकोस, चौदा फेऱ्या मी देईन. भांडायचं असेल तर जेवण झाल्यावर भांडू. फक्त दार उघडल्या उघडल्या जावई दौऱ्यावर गेलेत असं सांगू नकोस.

तुझाच,
अजून रागात असलेला
बाबा